बोटीवरून आलेली अडीच किलो नाणी

प्रश्न: माझे यजमान बोटीवर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी बंदराबंदरांतून आणलेली नाणी सापडली. घरच्या काट्यावर अडीच किलो भरली. जर्मनी, इटली, ग्रीस, जपान, इंग्लंड, अमेरिका, तुर्कस्तान अशी बरीच, काही अरबी अक्षरांची. शिवाय आम्ही युरोप टूर केली, त्यातले उरलेले युरो. इथल्या बँकेने नाही म्हटलं. कोल्हापूरच्या मनी चेंजरने नोटा घेतल्या, नाण्यांकडे बघितलंही नाही. त्यात एक मोठं, जड नाणं आहे, १७८० सालचं. एका बाजूला जाडजूड बाई, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा पक्षी. त्याचा फोटो फेसबुकवर टाकला तर एकाचा फोन आला. आठ लाख देतो म्हणाला, आधी २,१०० रुपये नोंदणी फी भरा. हे म्हणतात भरू नको, मुलगा म्हणतो भरून तर बघ. इतकं परकी चलन घरात ठेवणं बेकायदेशीर तर नाही ना? नाहीतर सगळं गणपतीपुळ्याच्या दानपेटीत टाकून मोकळी होऊ का? मुलगी ऑक्टोबरात शिकायला जर्मनीत डार्मश्टाटला जाणार आहे, पुतण्या न्यू जर्सीत असतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: ताई, आधी त्या फोनचं बघू. डबा आणखी दहा वर्षं माळ्यावर राहिला तरी काही बिघडत नाही, फोन मात्र उद्या पुन्हा येईल.

२,१०० रुपये भरू नका. यजमानांचं बरोबर आहे. ज्याला तुमचं नाणं आठ लाखांना हवंय, त्याने तुम्हाला पैसे द्यायचे की तुमच्याकडून घ्यायचे? चिरंजीवांना एवढंच विचारा. या लोकांची पद्धत ठरलेली असते. नोंदणी फी भरली की जीएसटी, मग कसलंसं क्लिअरन्स, मग विमा. दर वेळी आकडा फुगत जातो आणि आधी गेलेले सोडवायचे म्हणून माणूस पुढचे भरत राहतो. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं एखादं पत्र व्हॉट्सॲपवर आलं असेल किंवा येईल. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, त्यासाठी आपण फी किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने ते मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. नंबर ब्लॉक करा. आधार, पॅन किंवा पासबुकाचा फोटो पाठवला नसेल तर पाठवू नका. मुलाने एव्हाना गुपचूप पैसे भरलेच असतील तर रागावत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिथे तासातासाला महत्त्व असतं.

आता त्या जाडजूड बाई. वर्णनावरून तरी ते मारिया थेरेसा थालर दिसतंय. बाईंच्या चित्राखाली एस आणि एफ ही दोन रोमन अक्षरं आहेत का, भिंगाने बघा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाणं २८ ग्रॅमच्या आसपास भरेल आणि रुंदी चार सेंटिमीटर असेल. मारिया थेरेसा ही ऑस्ट्रियाची राणी, १७८० मध्ये वारली. गंमत पुढेच आहे. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी, येमेनचे, इथिओपियाचे, या नाण्याला इतके सरावले होते की राणी गेल्यावरही त्यांना तेच नाणं, तसंच्या तसं हवं असे. त्यामुळे साल न बदलता ते पाडत राहिले. व्हिएन्नात पाडलं, मग लंडन, पॅरिस, रोममध्येही पाडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. सगळ्यांवर साल एकच, १७८०. तेव्हा तुमच्या नाण्यावरचा आकडा खरा असला तरी नाणं अडीचशे वर्षांचं असेलच असं नाही. बहुतेक नसेलच. यजमानांची बोट एडनला किंवा जिबूतीला लागत होती का, विचारा. तिथल्या बाजारात ही नाणी बायकांच्या दागिन्यांतसुद्धा ओवलेली असायची. तुमच्या नाण्याला वरच्या बाजूला भोक किंवा डाग दिल्याची खूण असेल तर ते त्यातलंच.

पण म्हणून ते फेकण्यासारखंही नाही. त्यात ८३.३ टक्के चांदी असते, म्हणजे साधारण २३ ग्रॅम शुद्ध चांदी. आजच्या भावाने गुणून बघा. आठ लाखांच्या जवळपासही जाणार नाही, पण अख्ख्या डब्यातली ही सगळ्यात किमती वस्तू ठरू शकते. सोनाराकडे मोडीत घालू नका, चांगल्या अवस्थेतलं नाणं संग्राहक चांदीच्या वर थोडं देऊन घेतो. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. हे नाणं मुलीबरोबर जर्मनीला पाठवू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं नाणं तितकं जुनं नाही हे विमानतळावर रात्री दोन वाजता कस्टमच्या माणसाला पटवत बसायची वेळ पोरीवर कशाला आणायची?

कायद्याचं म्हणाल तर निश्चिंत राहा. परकी चलन किती बाळगायचं याचे रिझर्व्ह बँकेचे २०१५ चे नियम आहेत. त्यात नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक यांना २,००० डॉलर्सची मर्यादा आहे, नाण्यांना कसलीच मर्यादा नाही. अडीच किलो काय, पंचवीस किलो असली तरी चालतील. मर्यादेवरच्या नोटा परत आल्यापासून १८० दिवसांच्या आत विकायच्या असतात. तुमच्या नोटा तर गेल्याच, तो विषय संपला.

मनी चेंजरने नाणी का घेतली नाहीत? माणूस अडेलतट्टू म्हणून नव्हे. त्याने तुमच्याकडून घेतलेल्या नोटा तो दुसऱ्या प्रवाशाला विकतो, नाहीतर मोठ्या चलन व्यापाऱ्याला देतो आणि त्या गठ्ठ्याने आपल्या देशात परत जातात. नाण्यांना हा परतीचा रस्ताच परवडत नाही. जपानचं एक येनचं ॲल्युमिनियमचं नाणं बरोबर एक ग्रॅमचं असतं. म्हणजे हजार येनची अशी नाणी किलोभर भरतात आणि त्यांची किंमत जेमतेम सहाशे रुपये. हजार येनची नोट मात्र पाकिटात नुसती सरकते. विमानाचं भाडं, विमा, मोजणी, खोटं-खरं तपासणं हे सगळं त्या सहाशेतून कोण भागवणार? त्यामुळे कोल्हापूर सोडून मुंबईला गेलात, फोर्टात दहा काउंटर पालथे घातलेत, तरी उत्तर तेच मिळणार. एसटीचं तिकीट वाया जाईल. परदेशात उरलेली नाणी पोस्टाने विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत, पण इथून तो नाद नको. बहुतेक कुरिअरवाले चलन घेत नाहीत आणि परवानगीवाचून परकी चलन पाकिटातून देशाबाहेर पाठवणं नियमातही बसत नाही. स्वतःच्या खिशातून घेऊन जाणं मात्र बसतं. तुमच्या घरातून दोन माणसं जा-ये करणार आहेत, हीच तुमची खरी बँक.

एका रविवारी जुनं वर्तमानपत्र पसरा आणि यजमानांना बरोबर घेऊन देशवार ढीग करा. कुठलं नाणं कुठल्या बंदरातलं हे तेच पटापट सांगतील. मग प्रत्येक ढिगाला एकच प्रश्न विचारायचा: हे चलन त्या देशात आज चालतं का?

युरोपच्या जुन्या चलनांपैकी बहुतेक ढीग इथेच मरतात. इटलीच्या लिरांची मुदत २०११ मध्ये संपली, फ्रान्सच्या फ्रँकच्या नाण्यांची त्याआधीच २००५ मध्ये आणि स्पेनच्या पेसेटाची अगदी अलीकडे, जून २०२१ मध्ये. ग्रीसचे द्राख्मा, हॉलंडचे गिल्डर यांच्या नाण्यांचंही तेच. तुर्कस्तानचं एखादं अडीच लाख लिरांचं नाणं सापडलं तर लगेच हरखू नका. २००५ मध्ये तुर्कांनी सहा शून्यं उडवली आणि ते अडीच लाख म्हणजे नव्या लिराचा पाव हिस्सा झाले. बदलून घ्यायची मुदतही केव्हाच गेली.

जर्मनीचं मात्र वेगळं आहे आणि तुमच्या बाबतीत हा योग छानच जुळून आलाय. जर्मन मार्क आणि फेनिग, नाणी काय आणि नोटा काय, जर्मनीची मध्यवर्ती बँक बुंडेसबँक आजही बदलून देते. मुदत नाही, रकमेची मर्यादा नाही, फी नाही. दर कायमचा ठरलेला आहे, १.९५५८३ मार्कांना एक युरो. घरात समजा ४७ मार्क निघाले तर चोवीस युरो हातात पडतील. डार्मश्टाट फ्रँकफर्टच्या अगदी जवळ, लोकल गाडीच्या अंतरावर आहे आणि बुंडेसबँकेचं घर फ्रँकफर्टलाच आहे. मुलीने आधी शाखेची वेळ बघून घ्यावी, पासपोर्ट बरोबर ठेवावा आणि नाणी किमतीप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत न्यावीत. साध्या बँकेत गेली तर ती तिला बुंडेसबँकेकडेच पाठवतील, म्हणून थेट तिथेच जाऊ दे. फक्त पाच मार्कांची नाणी देण्याआधी साल बघा. १९७४ पर्यंतच्या गरुडाच्या पाच मार्कांत जवळपास सात ग्रॅम चांदी आहे, म्हणजे पाच मार्कांच्या बदल्यात मिळणाऱ्या अडीच युरोंपेक्षा ती चांदीच जास्त किमतीची. ती घरी बाजूला काढून ठेवा.

चांदीचं निघालंच आहे तर अमेरिकन ढीगही नीट बघा. दहा आणि पंचवीस सेंटची १९६४ पर्यंतची नाणी ९० टक्के चांदीची होती. साल पुसट झालं असेल तर नाणं आडवं धरून कड बघा. कडेवर तांब्याची लालसर रेघ दिसली तर नाणं नंतरचं, चांदी नाही. कड अखंड पांढरी दिसली तर ते ठेवून द्या. स्विस फ्रँकच्या नाण्यांतही १९६७ पर्यंत चांदी असायची.

इथे एक विनवणी. चमकवायची म्हणून पितांबरी किंवा चिंच लावू नका! काळपटपणा घासून काढलेलं नाणं संग्राहक हातात घेतो, उजेडात तिरकं धरतो, बारीक ओरखडे बघतो आणि निम्मी किंमत सांगतो. फार मळकं असेल तर साध्या पाण्यातून काढा आणि सुती फडक्याने टिपून घ्या.

आता जिवंत ढीग. यात पैसे मोजक्या नाण्यांत असतात, बाकी नुसतं वजन. स्विस पाच फ्रँकचं एक नाणं पाचशे रुपयांच्या वर जातं. जपानचं पाचशे येनचं तीनशेच्या आसपास, दोन युरोचं दोनशेच्या आसपास, दोन पौंडांचंही त्याच घरात. हे आधी वेचा. दोन युरोसारखंच दिसणारं, तसंच दोन रंगांचं थायलंडचं दहा बाहतचं नाणं असतं, युरोच्या ढिगात ते घुसतं आणि त्याची किंमत पंचवीस-तीस रुपये. थाई लिपी दिसली की बाजूला काढा. इंग्लंडचे गोल पौंड दुकानात चालत नाहीत, १५ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाले. बारा कडांचे चालतात. गोल असतील तर तिथे बँक खातं असलेल्या कुणाकडे द्या, त्याला खात्यात भरता येतील.

युरो मुलीला सगळेच द्या, अगदी सेंटसुद्धा. मागच्या बाजूला इटलीचं चित्र असो की फ्रान्सचं, जर्मनीत सगळी चालतात. जर्मन सुपरमार्केटची ट्रॉली साखळीने बांधलेली असते, तिच्या खाचेत एक युरो किंवा पन्नास सेंटचं नाणं सारलं की ती सुटते आणि परत लावली की नाणं परत मिळतं. स्टेशनावरच्या स्वच्छतागृहालाही सुटे लागतात. पहिल्या आठवड्यात कार्ड सुरू झालेलं नसताना आईने दिलेली मूठभर नाणी फार कामाला येतात. एकदम पन्नासच्या वर नाणी कुणावर ओतू नकोस एवढं सांगा. त्याहून जास्त घ्यायला युरोपातला दुकानदार कायद्याने बांधलेला नाही.

न्यू जर्सीच्या पुतण्यासाठी पंचवीस सेंटची नाणी जमवून ठेवा. तिकडे कित्येक इमारतींत तळघरात कपडे धुण्याची मशिनं असतात आणि त्यांना हीच नाणी लागतात. भाड्याने राहणारी मुलं ती जपून ठेवतात. एक सेंट, पाच सेंटही चालतात, पण त्यासाठी पिशवीचं वजन वाढवू नका. शेजारच्या कुणाला टूरला जाताना नाणी विकून रुपये घ्यावेत असंही मनात येईल. रक्कम किरकोळ असली तरी चालू परकी चलनाची खरेदी-विक्री अधिकृत विक्रेत्यामार्फतच करायची असा कायदा आहे. मुलीला, पुतण्याला द्या आणि सोडून द्या.

बंद झालेल्या नाण्यांना ही आडकाठी नाही, ती आता चलन नाहीतच. लिरा, द्राख्मा, फ्रान्सचे फ्रँक हे हौशी संग्राहकांचं खाद्य. पण भाव ऐकायची तयारी ठेवा. साधी विदेशी नाणी व्यापारी किलोवर घेतात आणि तुम्हाला सांगितलेला आकडा भंगारापेक्षा थोडाच वर असतो. पुण्याला जाणं होणारच असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. खास त्यासाठी जाऊ नका. थालर आणि चांदीची नाणी मात्र तिथे पथारीवर दाखवू नका. ती नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात न्या, निदान दोघांना दाखवा आणि दोघांचे भाव ऐकल्याशिवाय हातातून सोडू नका. नाशिककडे गेलात तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. तिथे विक्री होत नाही, पण तुमच्या यजमानांना अर्धा दिवस तिथून हलवणं अवघड जाईल.

दानपेटीचं मनातून काढा. देवस्थानालाही शेवटी बँकेतच जायचंय आणि बँक त्यांनाही तेच सांगणार जे तुम्हाला सांगितलं. देवाला रुपये घाला. नाणी द्यायचीच असतील तर काही परदेशी विमान कंपन्या युनिसेफसाठी उरलेली नाणी पाकिटात गोळा करतात. १९८७ पासून हा उपक्रम चालू आहे, मुलीच्या विमानात तसं पाकीट मिळालं तर येन आणि पौंडांची चिल्लर त्यात जाईल. त्याउपर जे उरेल, अरबी अक्षरांचं, मधे भोक असलेलं, ॲल्युमिनियमचं, ते जवळच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना नेऊन द्या. मुलं नकाशा काढून देश शोधत बसतील.

मुलीच्या सामानात नाणी चेक-इन बॅगेत घालू नका, हातातल्या पिशवीत राहू द्या. सिक्युरिटीला तिने पिशवी स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळी ठेवावी. एक्स-रेत धातूचा तो काळा गोळा दिसला की बॅग उघडायला लावतातच, आणि मागे रांग खोळंबलेली असताना फेनिग आणि सेंट जमिनीवर वेचत बसायला नको.